हेड स्टड म्हणजे ताणलेली स्प्रिंग

टर्बोचं प्रेशर वाढवलेली, रिमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) डिझेल गाडी मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढते आणि वर पोहोचेपर्यंत कूलंटच्या बाटलीतून पाणी बाहेर आलेलं असतं. रेडिएटर साफ आहे, थर्मोस्टॅट नवा आहे, पंपही ठीक आहे. जळगाव-धुळे अशा सपाट रस्त्यावर टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. सकाळी गार इंजिनवर वरचा होज दाबून पाहिला तर तो कडक लागतो. ही लक्षणं बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात: जोर पडला की हेड (इंजिनाचं वरचं झाकण) ब्लॉकवरून (सिलिंडर असलेल्या खालच्या भागावरून) केसभर उठतंय, सिलिंडरमधला गॅस गॅस्केटखालून (दोहोंमधल्या पातळ सीलखालून) निसटून पाण्यात शिरतोय, आणि जोर कमी झाला की हेड पुन्हा बसतंय.

अशा वेळी कोणीतरी सांगतं, "भारी स्टड टाका." स्टड म्हणजे ब्लॉकमध्ये बसणारा, दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा; त्यावर वरून नट आवळून हेड धरलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. भारी स्टड चुकीच्या रीतीने आवळले तर कंपनीच्या साध्या बोल्टपेक्षा कमी काम करतात. असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

हेडला कोण धरून ठेवतं

नट आवळला की स्टड लांब होतो. एम१२ (१२ मिमी व्यासाच्या) स्टडची मोकळी लांबी १३० मिमी असेल आणि तो ८ टनांनी ताणला असेल, तर तो साधारण अर्धा मिलिमीटर वाढलेला असतो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो आखडायला बघतो, आणि त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबून राहतं. हेड धरून ठेवते ती ही ओढ. ग्रेड, टॉर्कचा (नट फिरवण्याच्या जोराचा) आकडा, वंगण, वायसर हे सगळं त्या ओढीसाठीच असतं.

आता थोडा हिशेब. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५ मिमी धरला तर पिस्टनवरचं क्षेत्रफळ साधारण ५,६७५ चौरस मिमी येतं. डिझेल जळतानाचं कमाल प्रेशर १५० बार असेल तर हेडला वर ढकलणारं बळ ८.७ टनांच्या आसपास जातं. चार सिलिंडरच्या इंजिनला १० स्टड, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला अडीच. प्रत्येकी ८ टन धरले तर दाब २० टन. त्यातून ८.७ वजा केले की गॅस्केट दाबून ठेवायला ११ टन उरतात. रिमॅपनंतर तेच प्रेशर १८० बारवर गेलं तर ढकलणारं बळ १०.४ टन होतं आणि उरतात साडेनऊ.

साडेनऊ टन पुष्कळ वाटतात. पण दाब सगळीकडे सारखा नसतो. स्टडजवळ तो जास्त आणि दोन स्टडच्या मधल्या भागात कमी असतो, कारण हेड मधे थोडं वाकतं. गॅस्केटची सिलिंडरभोवतीची कडी स्वतः चपटी होऊन बसायलाच त्यातला मोठा हिस्सा खाते. म्हणून गळती सुरू होते ती सहसा दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीत किंवा दोन स्टडमधलं अंतर सगळ्यात जास्त असेल तिथे.

नीट ताणलेला स्टड तुटायलाही कठीण असतो. ताण पुरेसा असेल तर प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याचा छोटासाच भाग स्टडपर्यंत पोहोचतो. ताण कमी असेल तर मिनिटाला हजार-दीड हजार वेळा तो धक्का स्टडवरच येतो आणि काही महिन्यांत स्टड आट्याच्या मुळाशी थकून तुटतो. त्यामुळे तुटलेला स्टड दिसला की तो जास्त आवळला गेला होता असं लगेच धरू नका. कमी आवळलेला स्टडही असाच तुटतो.

खान्देशचं ऊन नेमकं काय करतं

ऊन थेट स्टडचं काही बिघडवत नाही. चालत्या इंजिनाचं पाणी भुसावळमध्येही तितकंच तापतं आणि महाबळेश्वरलाही. फरक पडतो रेडिएटरला. पाणी ९५ अंश आणि हवा ३० अंश असेल तर उष्णता बाहेर टाकायला ६५ अंशांचा फरक मिळतो. हवा ४५ अंश झाली की तो ५० वर येतो, म्हणजे रेडिएटरची जवळपास पाव ताकद गेली. त्यात बोअरवेलचं जड पाणी कूलंट म्हणून घातलेलं असेल तर वॉटर जॅकेटमध्ये (हेड आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांमध्ये) क्षारांचा थर बसतो आणि हेडचे काही भाग काट्यावर न दिसता तापतात. ॲल्युमिनियमचं हेड एकदा खूप तापलं की नरम पडतं, वायसर त्यात रुतते, आणि स्टडची ओढ कायमची कमी होते.

गरम हवेचा दुसरा परिणाम जळण्यावर होतो. टर्बोत शिरणारी हवाच ४५ अंशांची असेल तर ट्यून केलेल्या पेट्रोल इंजिनात नॉकिंग (इंधनाचं आपोआप भडकणं) लवकर सुरू होतं. नॉकिंगचे दाबाचे झटके हेड उचलतात. त्यावर स्टड हा इलाज नाही. नॉकिंग तसंच ठेवून हेड घट्ट केलं तर गॅस्केटऐवजी पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते, आणि तो खर्च कितीतरी मोठा असतो. म्हणून आधी इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा), इंधन आणि मॅप, मग स्टड.

बोल्ट सोडून स्टड का

बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या आट्यात फिरत जातो. त्यामुळे त्याला एकाच वेळी पीळही बसतो आणि ताणही. स्टड आधीच ब्लॉकमध्ये स्थिर असतो, फिरतो तो वरचा नट. त्यामुळे स्टडला पीळ कमी बसतो, प्रत्येक स्टडची ओढ जास्त सारखी येते, आणि हेड पुन्हापुन्हा काढावं लागलं तरी ब्लॉकचे आटे झिजत नाहीत. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा. शिवाय ब्लॉकच्या बाजूला जाड आटे आणि नटच्या बाजूला बारीक आटे ठेवता येतात, आणि बारीक आट्यांवर ताण नेमका बसवता येतो.

आजच्या बऱ्याच इंजिनांना कंपनी जे बोल्ट देते ते टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे असतात. हे बोल्ट मुद्दाम लवचीकपणाच्या हद्दीबाहेर ताणले जातात, म्हणून ते एकदाच वापरायचे. इंजिन कंपनीच्या पॉवरवरच चालणार असेल तर नवे मूळ बोल्ट आणि चांगलं गॅस्केट पुरतं. स्टडवर पैसे घालायची गरज नाही.

एक अडचण विकत घेण्याआधीच तपासा. स्टड बसवल्यावर हेड सरळ वर उचलावं लागतं. गाडीतच इंजिन ठेवून काम करायचं असेल आणि मागच्या स्टडवर फायरवॉल किंवा ब्रेक बूस्टर येत असेल तर हेड निघतही नाही आणि बसतही नाही. मग तो एखादा स्टड हेड जागेवर ठेवल्यावर वरून घालावा लागतो. व्हॉल्व्ह कव्हर आणि कॅमशाफ्टलाही स्टडचं टोक लागता कामा नये.

ग्रेडबद्दलचा मोठा गैरसमज

"१०.९ काढून १२.९ टाकला, आता हेड उठणार नाही" हे वाक्य गॅरेजात नेहमी ऐकू येतं. तो १२.९ जुन्याच टॉर्कवर, त्याच वंगणाने आवळला असेल तर काहीही बदललेलं नाही. सगळ्या पोलादांचा लवचीकपणा जवळपास सारखाच असतो, त्यामुळे सारख्या जोराला सारख्या मापाचा १०.९ आणि १२.९ सारखाच ताणतो. जास्त ग्रेडचा अर्थ इतकाच, की त्याला आणखी ताणायची मुभा आहे. ती मुभा वापरली तरच फायदा.

आकडे वाचायची रीत सोपी आहे. १०.९ मधला १० म्हणजे तुटण्याची ताकद सुमारे १,००० मेगापास्कल, म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण १०० किलो. पुढचा ९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांवर स्टड कायमचा लांबायला लागतो. १२.९ ची ताकद सुमारे १,२०० मेगापास्कल. रेसिंगसाठी स्टड बनवणाऱ्या एआरपी कंपनीचं ८७४० क्रोम-मॉली पोलाद १,३०० च्या आसपास आहे, एआरपी २००० सुमारे १,५००, आणि एल१९ सुमारे १,८००. रस्त्यावर चालणाऱ्या, मध्यम ट्यून केलेल्या इंजिनाला ८७४० भरपूर होतं. बूस्ट (टर्बोचं प्रेशर) बराच वाढवलेला असेल तर एआरपी २०००. एल१९ आम्ही रोजच्या गाडीला सुचवणार नाही. ते पोलाद ओलावा आणि गंज अजिबात सहन करत नाही, त्याला सतत तेलाखाली ठेवावं लागतं, नाहीतर बारीक तडा जाऊन अचानक तुटतं. स्टडचं भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर तो विषयच संपला.

लेथवर बनवून घेतलेल्या स्टडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे ते सर्रास होतं. ईएन८ या साध्या पोलादाचा स्टड या कामाला नाहीच. ईएन२४ हे मिश्र पोलाद बाजारात बहुधा ज्या 'टी' (ठरावीक हीट ट्रीटमेंटच्या) अवस्थेत मिळतं, तिची ताकद ८५० ते १,००० मेगापास्कल असते, म्हणजे कंपनीच्या १०.९ बोल्टपेक्षा बहुतेक वेळा कमी. शिवाय लेथवर आटे कापले जातात. चांगल्या स्टडचे आटे हीट ट्रीटमेंटनंतर रोलरने दाबून पाडलेले असतात, त्यामुळे आट्याच्या मुळाशी धातू दाबलेला आणि गुळगुळीत राहतो. कापलेल्या आट्याच्या मुळाशी बारीक ओरखडे असतात, आणि थकवा तिथूनच सुरू होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला लेथचा स्टड वर्षानुवर्षं चालतो हे खरं. पण तिथे सिलिंडरमधलं प्रेशरही कमी असतं.

गंजू नये म्हणून स्टडला झिंक प्लेटिंग करून घेण्याचा मोहही टाळा. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. लगेच काही तास सुमारे २०० अंशांना तापवून तो बाहेर काढला नाही, तर १२.९ आणि त्यावरचे स्टड आवळल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत काही कारण नसताना तुटू शकतात. त्यांना काळा ऑक्साइड आणि तेल पुरे.

नट आणि वायसर सेटमधलेच वापरा. साध्या नटचे आटे ताण येताच सोलून निघतात. वायसर कडक केलेली आणि दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेली हवी. साधी वायसर हेडमध्ये रुतते. फक्त ०.०३ मिमी रुतली तरी अर्ध्या मिलिमीटरच्या ताणातले सुमारे ६ टक्के गेले.

बसवण्याआधीचं काम

वेळ इथे घालवा. बसवणं तासाभराचं असतं, तयारीला दिवस जातो.

ब्लॉकचे आटे चेसरने (धातू न कापता आटे साफ करणाऱ्या हत्याराने) साफ करा, कापणाऱ्या टॅपने नाही. टॅप दर वेळी थोडा धातू कापतो आणि आटे ढिले करतो. मग ब्रेक क्लीनर मारून हवेने फुंका, आणि टॉर्च लावून प्रत्येक भोकाचा तळ पाहा. तळ बंद असलेल्या भोकात चमचाभर तेल किंवा कूलंट राहिलं तर ते दाबलं जात नाही. स्टड खाली जाताना ते ब्लॉकला आतून फाडतं. असा तडा गेलेला ब्लॉक बहुतेक वेळा भंगारात जातो.

जी भोकं वॉटर जॅकेटमध्ये उघडतात ती आधी शोधून ठेवा. जुना बोल्ट काढताना ज्यातून पाणी आलं, ती हीच. त्या स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट लावायचा, नाहीतर कूलंट आट्यांतून वर चढतं आणि गॅस्केट गळतंय असं वाटत राहतं.

आट्यांची पकड मोजा. बिडाच्या ब्लॉकमध्ये व्यासाच्या दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट हवी. एम१२ ला हे अनुक्रमे १८ आणि २४ मिमी होतं. भोकाच्या तोंडाशी पहिला आटा वर ओढला जाऊन डेकवर (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागावर) बारीक उंचवटा झालेला असतो, तो हलक्या चॅम्फरने (कड तिरकी करून) काढून टाका.

हेड आणि डेक सपाट आहेत का ते स्ट्रेट एजने लांबी, रुंदी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी तपासा. ०.०५ मिमीचं फीलर (पातळ मापपट्टी) कुठेही आत जाता कामा नये. थरांच्या पोलादी गॅस्केटला सपाटीइतकाच गुळगुळीतपणाही लागतो. खडबडपणा साधारण १ मायक्रॉन, म्हणजे पृष्ठभागावरून नख फिरवलं तर अडकू नये. हेडला फेसिंग करून देणाऱ्याला गॅस्केट कोणतं वापरणार ते आधीच सांगा.

बोअरिंग करायचं असेल तर स्टड आधी निवडा. हेडची ओढ वाढली की सिलिंडर वरच्या बाजूला किंचित वेडावाकडा होतो. होनिंग (बोअर घासून अचूक गोल करणं) मोकळ्या ब्लॉकवर केलं असेल तर हेड आवळल्यावर गोल केलेला बोअर गोल राहत नाही, रिंगा नीट टेकत नाहीत आणि इंजिन तेल खातं. म्हणून सुमारे ५० मिमी जाडीची टॉर्क प्लेट त्याच स्टडनी, त्याच टॉर्कवर ब्लॉकवर आवळून मग होनिंग करतात. साध्या बोअरिंगच्या दुकानात ही प्लेट सहसा नसते. मोठ्या पॉवरच्या इंजिनासाठी ती बनवून घेणं परवडतं.

स्टड आत, नट वर

स्टड हाताने फिरवून आत घाला आणि टोकाला ॲलन की लावून दोन बोटांच्या जोराने टेकवा. बस. पाना लावून घट्ट केला तर आटे संपतात तिथे स्टड अडकतो, किंचित कलतो, आणि हेडच्या भोकाला घासतो. सगळे स्टड वर सारख्या उंचीला आलेत का ते पट्टी धरून पाहा. एखादा उंच असेल तर त्याच्या भोकात कचरा राहिला आहे. थ्रेड लॉकर (आटे चिकटवणारा द्रव) वापरत असाल तर तो सुकायच्या आत हेड बसवून अंतिम टॉर्क द्यावा लागतो.

हेड जागेवर नेमकं बसवण्याचं काम डॉवेल पिनांचं आहे, स्टडचं नाही. पिना जागेवर हव्यात. गॅस्केट कोरडं ठेवा, उत्पादकाने सांगितलं नसेल तर कसलाही स्प्रे नको. वायसरची चॅम्फरची बाजू वर, नटकडे. नट पूर्ण बसल्यावर स्टडचे एक-दोन आटे वर दिसले पाहिजेत.

आता वंगण. नट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग नटच्या तळाशी घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांत, आणि स्टड ताणायला मिळतात जेमतेम १० टक्के. म्हणून वंगण बदललं की सगळा हिशेब बदलतो. एम१२ स्टडला १२० न्यूटन-मीटर दिले तर मॉली वंगणावर साधारण साडेआठ टन ओढ मिळते, साध्या इंजिन ऑइलवर पावणेसात, आणि कोरड्या आट्यांवर फक्त पाच. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टिक असा आवाज करणारा) तिन्ही वेळा एकाच आकड्यावर टिक करतो. हेड गॅस्केट दुसऱ्यांदा उडण्याचं याइतकं मोठं कारण दुसरं क्वचितच असेल.

म्हणून स्टडबरोबर आलेलंच वंगण वापरा आणि त्यासाठी दिलेलाच टॉर्क. मूळ बोल्टचा आकडा किंवा त्याचे "९० अंश अधिक ९० अंश" नव्या स्टडला लावू नका. ते अंश त्या बोल्टच्या लांबीसाठी आणि ताणण्याच्या हद्दीसाठी ठरवलेले असतात. वंगण नटच्या आट्यांना, नटच्या तळाला आणि वायसरच्या वरच्या बाजूला लावायचं. वायसर आणि हेड यांच्यामध्ये लावायचं नाही, कारण तिथे वायसर फिरायला नको.

आवळण्याचा क्रम मधल्या स्टडपासून सुरू करून गोल गोल बाहेरच्या बाजूला. अंतिम टॉर्क १२० असेल तर सगळे नट आधी ४०, मग ८०, मग १२०. शेवटची ओढ सलग द्या. मधेच थांबून पुन्हा ओढलं तर नट सुरू व्हायलाच जादा जोर लागतो आणि पाना लवकर टिक करतो. टिक एकदाच. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टिक करायची सवय वाईट, कारण दर वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो. पाना त्याच्या क्षमतेच्या मधल्या पट्ट्यात वापरा, काम झाल्यावर सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवा आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. नाशिक-पुण्यात मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळा आहेत.

आवळताना एखादा नट फिरतोय पण जोर वाढत नाही असं जाणवलं तर तिथेच थांबा. आटे सुटताहेत किंवा स्टड हद्दीबाहेर ताणला जातोय. स्टड काढून पाहा. ब्लॉकचे आटे गेले असतील तर पोलादी इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) बसवावा लागेल. तारेच्या गुंडाळीपेक्षा भरीव बुशचा इन्सर्ट या कामाला जास्त भरवशाचा.

सुरू केल्यानंतर

ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १०० मिमी उंचीचं हेड ७५ अंशांनी तापलं की स्टडपेक्षा ०.०८ मिमी जास्त वाढतं, आणि स्टड तेवढा आणखी ताणला जातो. म्हणूनच टॉर्क देताना हद्दीपर्यंत जायचं नसतं. या वाढीला जागा ठेवावी लागते.

कूलिंगमधली हवा काढून इंजिन फॅन चालू होईपर्यंत रिकामं चालवा, मग रात्रभर गार होऊ द्या. थरांच्या पोलादी गॅस्केटला पुन्हा टॉर्क सहसा लागत नाही. कॉम्पोझिट किंवा तांब्याच्या गॅस्केटला लागतो, आणि तो गार इंजिनवरच द्यायचा. एकेक नट पाव फेरा सैल करायचा, मग पुन्हा पूर्ण टॉर्क, आणि मग पुढचा. सैल न करता नुसता पाना लावला तर चिकटलेला नट फिरत नाही आणि टॉर्क बरोबर असल्याचा भास होतो. सकाळी वरचा होज मऊ लागतोय आणि बाटलीतलं पाणी जागेवर आहे, असं दोन-तीन दिवस दिसलं की मग घाट.

पुढे कधी हेड काढावं लागलं तर इंजिन पूर्ण गार असताना उलट क्रमाने, बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत नट सैल करा. चांगले स्टड पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी प्रत्येकाची मूळ लांबी पहिल्यांदा बसवण्याआधी मायक्रोमीटरने मोजून, क्रमांकासह वहीत लिहिलेली हवी. ०.०२५ मिमीने जरी कायमचा लांबलेला असला तरी तो स्टड बाजूला काढा.